दोन सर्व्हर घेताय? मग नेटवर्क कार्डाचा हिशोब आधी विचारा



ऑनलाइन ऑर्डरी वाढल्या की कोटेशनमध्ये एक ओळ हमखास येते: "दोन सर्व्हर, लोड बॅलन्सिंग, प्रत्येकी दोन नेटवर्क कार्ड." आपण घासाघीस करतो आणि सही करून मोकळे होतो. माझं मत सरळ आहे. दुसरं कार्ड कशासाठी, हे कळल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.

लोड बॅलन्सिंग म्हणजे काय, तर दुकानाचा बोर्ड एक, काउंटर दोन. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय असतेच, आणि ती प्रत्येकी एका कार्डावरही चालते.

मग दुसरं कशाला? युनिकास्ट पद्धतीत दोन्ही सर्व्हरची कार्डं एकच मॅक ॲड्रेस वापरतात. म्हणजे दोन्ही काउंटरला एकच फोन नंबर! ग्राहकाचा फोन लागतो, पण या काउंटरवरून त्या काउंटरला लागत नाही. सर्व्हरना आपसात फायली द्यायच्या असतील, तर दुसरं कार्ड हवंच. मल्टिकास्ट पद्धतीत एका कार्डावर भागतं, पण राउटर किंवा स्विचमध्ये कधी कधी वेगळी नोंद करावी लागते. ती कोण करून देणार, हे कोटेशनवर लिहून घ्या.

आता वेग. सर्व्हर ऑफिसातच आहे आणि इंटरनेटची लाइन २०० एमबीपीएसची आहे, तर साधं १ जीबीपीएसचं कार्डच पाचपट मोठं झालं. १० जीबीपीएसचं महाग कार्ड लावून बाहेरच्या ग्राहकाला काडीचा फरक पडणार नाही.

आपल्या पुण्यातल्या सी-डॅकने 'परम पद्म' महासंगणकासाठी 'परमनेट-२' हे स्वतःचं वेगवान नेटवर्क बनवलं. तिथे ते लागणारच होतं, कारण शेकडो प्रोसेसर मिळून एकच गणित सोडवायचे आणि सतत एकमेकांशी बोलायचे. तुमचा एक सर्व्हर कोथरूडची ऑर्डर घेतो, दुसरा हडपसरची. त्यांना एवढं बोलायचंच नसतं.

वाचलेला पैसा कुठे घालायचा? दोन्ही सर्व्हर एकाच स्विचवर आणि एकाच यूपीएसवर असतील, तर तिथे. तो एक डबा बंद पडला की दोन्ही काउंटरचं शटर खाली!

म्हणून सही करण्याआधी तीनच प्रश्न विचारा: पद्धत कोणती? सर्व्हर आपसात काय बोलणार? स्विच बंद पडला तर काय? उत्तरं नीट मिळाली, तर दुसरं कार्ड बिनधास्त घ्या. नुसतं "सगळे असंच घेतात" ऐकू आलं, तर दुसरं कोटेशन मागवा.