साडी बदलली, चेहरा तोच

नागपुरातल्या लकडगंजच्या लाकूडबाजारावर ज्यांचा धंदा उभा आहे, त्या आपल्या कारागिरांना बैल नेमका कळतो. तान्ह्या पोळ्याचा नंदी घडवताना वशिंड किती उचलायचं, गवळाऊचं निमुळतं तोंड कसं काढायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मात्र त्याच हंगामात कुणी बाहुली मागितली, तर बहुतेक दुकानदार गोरी, सोनेरी केसांची प्लास्टिकची बाहुली पुढे करतात. फार तर तिला नऊवारी गुंडाळलेली असते. या अंकात मुद्दाम दूरच्या एका समाजाबद्दल लिहितो आहे, कारण आपली अडचण त्यांनी आधी भोगली आहे.

अमेरिकेत स्पॅनिश भाषेशी नातं सांगणारे, मुख्यतः लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक हिस्पॅनिक म्हणून ओळखले जातात. बार्बी 1959 साली बाजारात आली. हिस्पॅनिक बार्बी या नावाची बाहुली यायला 1980 साल उजाडलं. मेक्सिकन, क्यूबन, पोर्तोरिकन अशा निरनिराळ्या मुलींना मिळून तो एकच पोशाख आणि एकच चेहरा. 1988 मध्ये तेरेसा ही बार्बीची मैत्रीण म्हणून आली आणि टिकली, पण मैत्रीण म्हणूनच.

आपल्या धंद्याच्या दृष्टीने 1997 हे वर्ष फार शिकण्यासारखं आहे. त्या वर्षी बार्बीच्या देशोदेशींच्या मालिकेत पोर्तोरिकन बार्बी निघाली. पोर्तो रिको बेटावर राहणाऱ्या अनेकांना ती आवडली. अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक पोर्तोरिकन मात्र चिडले: रंग इतका उजळ का, आणि जुन्या वसाहतकाळातला झालरींचा झगा हीच आमची ओळख का? त्याच वर्षी ‘अमेरिकन गर्ल’ मालिकेत होसेफिना मोंटोया आली, 1824 च्या न्यू मेक्सिकोतली मुलगी. ती घडवताना कंपनीने त्या भागाच्या इतिहासाचे आणि संस्कृतीचे जाणकार सल्लागार म्हणून घेतले होते. कपडे, घर, सण, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं. बाहुली घडवण्याआधी विचारणं म्हणजे काय, याचा हा नमुना आपण डोळ्यांपुढे ठेवावा.

याच मालिकेत 2005 साली मारिसोल आली. तिच्या गोष्टीत शिकागोच्या पिल्सन वस्तीत मुलांना सुरक्षित खेळता येत नाही असं लिहिलं होतं, आणि वस्तीतले लोक संतापले. बाहुली सुंदर असूनही तिच्या गोष्टीने माणसं दुखावली. पुढे 2018 मध्ये फ्रिदा काहलोच्या बार्बीवरून मेक्सिकोत वाद न्यायालयात गेला. चित्रकर्तीच्या जुळलेल्या दाट भुवया आणि तिचा वर्ण बाहुलीत उतरलाच नाही, अशी तक्रार होती.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्राची स्वतःची बाहुली होती: लाकडातून कोरलेली, रंगवलेलं लुगडं ल्यालेली ठकी. सावंतवाडीने लाकडी खेळण्यांचं काम जपलं. नागपूरकडे लाकूड आहे, नंदी कोरणारे हात आहेत, चितारओळीत मूर्तीचे डोळे रेखणारे कलावंत आहेत. बाहुली नाही. आणि जी ‘मराठी’ म्हणून विकली जाते ती बहुधा पैठणीतली, नथीतली, गोऱ्या रंगाची. भंडाऱ्याची करवतकाठी कोसा नेसणारी, गोंड किंवा हलबा घरातली, सावळी, रुंद कपाळाची मुलगी त्यात कुठे आहे? एका ‘मराठी’ शब्दाखाली विदर्भाला झाकणं ही 1980 च्या त्या चुकीचीच पुनरावृत्ती आहे, आणि ती आपण आपल्या हातांनी करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

खर्चाची सबब पुढे येईल. प्लास्टिकच्या बाहुलीचा नवा साचा महाग पडतो, हे खरं. म्हणूनच मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं जुन्या चेहऱ्यावर नवा रंग चढवत राहिल्या. पण लाकडाला साचा लागत नाही. पटाशी थोडी वेगळी फिरवली की नाक बदलतं, गाल बदलतो. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के करण्यात आलं, तेव्हाच परदेशी बाहुल्यांची जागा आपल्या बाहुल्यांनी भरायला हवी होती.

तेव्हा कारागीर बंधुभगिनींनो, पुढच्या तान्ह्या पोळ्याआधी नंदीसोबत एक तरी बाहुली कोरायला घ्या. जिच्या घरची ती मुलगी, त्या घरातल्या बायकांना कच्चा नमुना दाखवा, त्या सांगतील ते बदला, मगच रंग लावा. छायाचित्र आम्हाला पाठवा. आम्ही ते छापू.