कर्णबधिर मुलांना त्यांच्या शरीराची भाषा द्या

लैंगिक शिक्षण हा शब्द नुसता उच्चारला तरी संस्कृतीच्या ठेकेदारांच्या कपाळावर आठ्या पडतात. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात याच विषयावर गदारोळ झाला आणि सरकारने शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले. मुले बिघडतील, ही ओरड तेव्हाही होती, आजही आहे. आमचा प्रश्न साधा आहे. या वादात कर्णबधिर मुलामुलींचा विचार कोण करणार?

ऐकू येणाऱ्या मुलाला शाळेने काही सांगितले नाही तरी थोडेफार कळतेच. पेणच्या एस.टी. स्टँडवरची कुजबुज, रोहा-दिवा गाडीतली मित्रांची चेष्टामस्करी, आई-मावशीचे दबक्या आवाजातले बोलणे त्याच्या कानावर पडते. ते अर्धवट असेल, चुकीचेही असेल. कर्णबधिर मुलाला तेवढेही मिळत नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात राबणारी आई किंवा धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा बाप हातवारे करून जेव, झोप, चल एवढे सांगतो. मासिक पाळी का येते, कोणाचा कोणता स्पर्श झिडकारायचा, हे सांगणारी खूण घरात कोणाकडेच नसते. मग पहिले रक्त पाहून मुलगी घाबरते, आपल्याला काहीतरी रोग झाला असे समजते. मुलगा मोबाइलवरची अश्लील चित्रफीत पाहून शिकतो, कारण ती समजायला कान लागत नाहीत.

हे अज्ञान जिवावर बेतणारे आहे. अत्याचार करणारा आधी हेच हेरतो की हिला सांगता येणार नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकाला दोषी ठरवले. त्या मुलींचे अपंगत्व वेगळे होते, नराधमांचा हिशेब मात्र सगळीकडे तोच असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यात जबाब घेताना मुलाची भाषा जाणणाऱ्या विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद आहे. चांगलेच आहे. पण जिला आपल्या अवयवांच्या खुणाच कोणी शिकवल्या नाहीत, ती त्या शिक्षकाला तरी काय सांगणार? बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो फिरवून बोलायचे कोणी?

ज्ञानबंदी म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले शिसे आणि लाख ओता, असे सांगणारे गौतम धर्मसूत्र याच देशातले. तेव्हा कान बंद करून ज्ञान नाकारले. आज ज्याचा कान निसर्गानेच बंद आहे त्याला डोळ्यांनी दिसणाऱ्या भाषेतूनही ज्ञान नाकारले जाते.

बाबासाहेबांची भूमिका याबाबत स्वच्छ होती. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून कोर्टात उभे राहिले. खटला हरला, पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा विचार हरला नाही. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. शरीराचे ज्ञान हा त्यांच्यासाठी माणसाच्या स्वाभिमानाचा प्रश्न होता.

कायदा आमच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १० नुसार प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती दिव्यांगांपर्यंत पोचवणे सरकारवर बंधनकारक आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा कोश तयार केला. वांद्र्याला कर्णबधिरांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे. पेणहून वांद्रे काही परदेशात नाही. म्हणजे साधने आहेत, पण ती तालुक्यात आणण्याची इच्छा नाही.

म्हणून आमची मागणी आहे. पेण आणि रोहा तालुक्यांत, विशेष शाळेत असो की जिल्हा परिषदेच्या शाळेत, जिथे जिथे कर्णबधिर मूल शिकते तिथे वयात येण्याआधीच त्याला शरीर, पाळी, संमती, गर्भधारणा आणि गुप्तरोग यांची माहिती सांकेतिक भाषेतून आणि चित्रांतून द्यावी. शिकवायला प्रशिक्षित कर्णबधिर स्त्री-पुरुषांनाच मानधन देऊन बोलवावे. आईबापांना या खुणा शिकवाव्यात. सरकारी रुग्णालयांत ठरावीक दिवशी दुभाषा बसवावा. आमच्या बुद्धविहारांनी रविवारी या वर्गांना जागा द्यावी.

मुले बिघडतील म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, हे युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून सांगितले आहे. ज्या मुलीला ‘नको’ म्हणता येते आणि घडले ते सांगता येते, तिची भीती फक्त गुन्हेगारालाच वाटायला हवी. जिल्हा परिषदेने येत्या शैक्षणिक वर्षापासून हे वर्ग सुरू करावेत. नाहीतर अलिबागच्या कार्यालयासमोर ही मुले आपल्या हातांच्या भाषेत घोषणा देतील, आणि आम्ही त्यांच्या शेजारी उभे असू.