टोळ्या निघण्याआधी एक बैठक

दिवाळीच्या सुमारास बीड, जालन्याच्या गावांतून ऊसतोड टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते. तान्हे मूल आईबरोबर जाते, मोठी मुलगी आजीच्या, चुलत्याच्या नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर मागे राहते. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्या घरापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. पुढचे पाच-सहा महिने त्या मुलीकडे लक्ष कोणी द्यायचे?

तिची आबाळ तक्रार होऊन समोर येत नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेच्या फाटकाशी घुटमळते, आत येत नाही, हे बाईंना दिसते. अंगावरचे वळ आशाताईंच्या नजरेस पडतात. एका ठरावीक घराचे नाव निघाले की ती गप्प होते, हे अंगणवाडीताईंना जाणवते. तिघी आपापल्या जागी 'आईबाप जवळ नाहीत, चालायचेच' म्हणून पुढे जातात. या तीन गोष्टी एकत्र बोलल्या गेल्या असत्या, तर मुलगी वेळीच वाचली असती. पोटासाठी गाव सोडणाऱ्या आईबापांना बोल लावून यातले काहीच सुटत नाही.

एकट्या बाईच्या धाडसावर मुलांचे संरक्षण उभे राहत नाही, असे आमचे ठाम मत आहे. मुलगी जिच्याजवळ मन मोकळे करते ती त्याच गावात राहते आणि आरोपी अनेकदा नात्यातला असतो. 'नसत्या भानगडीत पडू नकोस' हे तिला घरातूनच ऐकावे लागते. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, न दिल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे, हे प्रशिक्षणात सांगितले जाते. पण सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलम 19 मध्ये आहे. ते एकमेकींना आवर्जून सांगा.

मुलगी बोलली की खोदून विचारू नका. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहा, 1098 या बाल मदतवाहिनीवर कळवा. ताई, बाई, पोलीस, डॉक्टर, बाल कल्याण समिती अशा प्रत्येक दारी तीच हकीकत पुन्हा सांगायला लावणे हा त्या मुलीवर नवा अन्यायच आहे. जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय, मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. हे मागून घ्यायला तिच्यासोबत आपल्यातली एक जण शेवटपर्यंत हवी.

म्हणून टोळ्या निघण्याआधी बैठक घ्या. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावरच असेल, तर हेच निमित्त करून ती जागी करा. अंगणवाडी सेविका तिची सदस्य सचिव असते. तिनेच आशा, शिक्षिका आणि बचत गटाच्या महिलांना बोलवावे. मागे राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, ते कोणाकडे राहणार आणि आईचा मोबाइल नंबर लिहून घ्या. आठवड्यातून एकदा कोणी कोणत्या घरी डोकवायचे ते वाटून घ्या. तालुक्याच्या महिला पोलीस अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या ताईंशी आत्ताच ओळख करून ठेवा. प्रकरण घडल्यावर नंबर शोधण्यात गेलेला एक दिवस आरोपीच्या पथ्यावर पडतो आणि मुलीवर दबाव आणायला पुरेसा ठरतो.