समजून घ्या : मोठा कट्टा म्हणजे मोठी बचत? भंडाऱ्यातल्या किराण्याचा खरा हिशेब

धानाची मळणी आटोपली, राइस मिलमधून नवा तांदूळ बाहेर पडायला लागला की तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली अशा सगळ्या बाजारांत एकच चर्चा असते. वर्षभराचा तांदूळ एकदाच भरून ठेवायचा की महिन्याच्या महिन्याला आणायचा? पूर्वी हा प्रश्न तांदळापुरता होता. आता तेलाचा डबा, साखरेचं पाच किलोचं पाकीट, डिटर्जंटची मोठी पिशवी, 'फॅमिली पॅक' आणि 'महाबचत पॅक' यांनाही तो लागू झाला आहे.

'मोठं घेतलं की स्वस्त पडतं' हे आपण गृहीत धरून चालतो. पण ते नेहमी खरं नसतं. आणि जिथे खरं असतं, तिथे ते सगळ्यांसाठी सारखं खरं नसतं. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्चाचा सुमारे ४७ टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो. म्हणजे किराण्यातला पाच टक्क्यांचा फरक हा किरकोळ विषय नाही. म्हणून हा हिशेब नीट मांडून पाहू. खाली दिलेले दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या दुकानातले दर टाका, पद्धत तीच राहील.

२६ आणि ३० किलोचे कट्टे कुठून आले?

१८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक केलेल्या आणि लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळी, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. पण त्यात एक मर्यादा आहे. पाकीट २५ किलोपर्यंतचं असेल तर कर लागतो, त्याहून मोठं असेल तर लागत नाही. त्यानंतर देशात अनेक ठिकाणी २५ किलोऐवजी २६ किंवा ३० किलोचे कट्टे दिसू लागले, त्यामागे हेच गणित आहे.

इथे एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दुकानदाराने मोठा कट्टा फोडून त्यातून सुटा तांदूळ किलो-दोन किलो काट्यावर मोजून दिला, तर त्यावरही जीएसटी नाही. म्हणजे कर लागतो तो १, ५, १० किंवा २५ किलोच्या बंद पाकिटावर. सुट्या मालावर नाही आणि ३० किलोच्या कट्ट्यावरही नाही.

त्यामुळे तुलना 'छोटं पाकीट की मोठं पाकीट' अशी करणं अपुरं आहे. भंडाऱ्यात अजूनही तिसरा पर्याय शिल्लक आहे आणि तो म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला सुटा माल. अनेकदा सुटा तांदूळ पाच किलोच्या चकचकीत पाकिटापेक्षा स्वस्त पडतो. मात्र तुलना करताना वाण एकच हवा, कणीचं प्रमाण सारखं हवं आणि जुन्या तांदळाची तुलना जुन्याशीच हवी.

पाकिटावरचा 'यूएसपी' काय सांगतो, काय लपवतो?

१ जानेवारी २०२४ पासून पाकिटबंद वस्तूंवर 'युनिट सेल प्राइस', म्हणजे एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर छापणं बंधनकारक आहे. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत 'यूएसपी' म्हणून तो असतो. त्याआधी, २०२२ मध्ये आणखी एक बदल झाला होता. चहा, बिस्किटं, तांदूळ, पीठ, खाद्यतेल अशा १९ वस्तूंसाठी ठरलेली प्रमाणित वजनं काढून टाकण्यात आली. त्यामुळे आता कंपनी ८५० ग्रॅमचं पाकीटही विकू शकते आणि ९१० ग्रॅमचंही. नुसत्या नजरेने दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून हा छापील एकक दर महत्त्वाचा आहे.

पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅममध्ये असतो आणि जास्त वजनाच्या पाकिटावर किलोमध्ये. दुकानात उभं राहून ०.१४ रुपये प्रति ग्रॅम आणि १३८ रुपये प्रति किलो यांत स्वस्त कोणतं, हे किती जण सांगू शकतील?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हा दर दशांशानंतर दोन अंकांपर्यंतच छापला जातो. समजा पोह्यांची अर्ध्या किलोची दोन पाकिटं आहेत. एक २३ रुपयांना, दुसरं २७ रुपयांना. पहिल्याचा दर ग्रॅममागे ०.०४६ रुपये आणि दुसऱ्याचा ०.०५४ रुपये होतो. जवळच्या दोन दशांशांपर्यंत आणले की दोन्हींवर ०.०५ च छापलं जाईल. प्रत्यक्षात एक ४६ रुपये किलो आहे, दुसरं ५४ रुपये किलो. आठ रुपयांचा फरक छपाईतच गायब झाला.

याचा फटका छोटं पाकीट घेणाऱ्यालाच बसतो. मोठ्या पाकिटावर किलोचा दर दोन दशांशांसह, म्हणजे पैशापर्यंत अचूक असतो. उपाय सोपा आहे. छापील दरावर विसंबू नका. किमतीला ग्रॅमने भागा आणि हजारने गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे काही सेकंदांचं काम आहे.

तेलाचा डबा : किलो की लिटर?

मोठ्या डब्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत इथे होते. बाजारात १५ किलोचा डबा मिळतो आणि १५ लिटरचाही. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल असतं. दोन डब्यांत जवळपास १ किलो ३५० ग्रॅमचा फरक आहे.

दोन्ही डबे २,१०० रुपयांना आहेत असं धरू. १५ किलोचा डबा १४० रुपये किलो पडतो, तर १५ लिटरचा सुमारे १५४ रुपये किलो. त्याच वेळी एक लिटरची पिशवी १३५ रुपयांना मिळत असेल, तर ती सुमारे १४८ रुपये किलो पडते. म्हणजे किलोचा डबा पिशवीपेक्षा स्वस्त, पण लिटरचा डबा पिशवीपेक्षा महाग. म्हणून डब्यावरचा आकडा वाचलात तरी त्यापुढचं एकक वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

तेलात तापमानाचीही भानगड होती. तेल गरम झालं की पसरतं, त्यामुळे जास्त तापमान गृहीत धरून लिटर छापला तर वजन कमी भरतं. म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये खाद्यतेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख न करता मापासोबत वजनही छापायला सांगितलं. पिशवीवर ग्रॅममध्ये वजन दिसतं, तुलना त्यावरूनच करा.

मोठं नेहमी स्वस्त का नसतं?

शाम्पूचं उदाहरण घरोघरी माहीत आहे. रुपया-दोन रुपयांच्या पुड्यांचा मिलिलिटरमागे दर काढला तर तो अनेकदा बाटलीपेक्षा कमी निघतो. कारण पुडीची किंमत एक-दोन रुपयांवर बांधलेली असते, ती वाढवली की गिऱ्हाईक तुटतं. बाटली घेणारा मात्र दर काढून बघत नाही, असा कंपनीचा अंदाज असतो. पाच-दहा रुपयांच्या बिस्किट-नमकीनच्या पुड्यांत याच्या उलट घडतं. तिथे किंमत तशीच ठेवून वजन कमी केलं जातं आणि किलोचा दर गुपचूप वर सरकतो. एकच नियम दोन्हींना लावता येत नाही. प्रत्येक वस्तूचा दर वेगळा काढावा लागतो.

किती वाया गेलं की बचत संपते?

पाच जणांच्या घराला दिवसाला एक किलो तांदूळ लागतो असं धरू. सुटा तांदूळ ५० रुपये किलो आणि ३० किलोचा कट्टा १,४१० रुपयांना, म्हणजे ४७ रुपये किलो. महिन्याला ९० रुपये वाचले. पण त्यातला १.८ किलो तांदूळ सोंडे लागून किंवा ओल धरून फेकावा लागला, तर उरलेल्याचा दर बरोबर ५० रुपये होतो. बचत शून्य.

महिनाभरात संपणाऱ्या कट्ट्याला हा धोका फारसा नाही. पावसाळाभर ठेवलेल्या साठ्याला मात्र आहे. दमट आणि उबदार हवेत सोंडे झपाट्याने वाढतात. घट्ट झाकणाची कोठी, नीट वाळलेला तांदूळ आणि जमिनीपासून वर ठेवलेला कट्टा एवढं जमत असेल तरच मोठा साठा करा. चिन्नोरसारख्या वासाच्या तांदळाचा सुगंधही साठवणुकीत कमी होत जातो. गव्हाचं पीठ तर मोठ्या पाकिटात घेऊच नये. गहू टिकतो, पीठ टिकत नाही. पावसाळ्यात त्यात जाळी धरते. शेंगदाणे खवट होतात, मसाल्यांचा वास उडतो. मीठ, साखर, साबण आणि डिटर्जंट मात्र कोरड्या जागी निर्धास्त ठेवता येतात.

आणखी एक खर्च आपण धरत नाही. तो जाण्या-येण्याचा. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर आहे. मोटारसायकलने जाऊन-येऊन १२० किलोमीटर, लिटरला ५० किलोमीटर धरले तर जवळपास अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण २५० रुपये. मोठ्या मार्टमध्ये पाच टक्के स्वस्त मिळत असेल, तर निव्वळ पेट्रोलचे पैसे वसूल व्हायला पाच हजारांची खरेदी करावी लागेल. नागपूरला दुसरं काम असेल तेव्हा सामान आणणं ठीक, पण फक्त किराण्यासाठी जाणं परवडत नाही.

ज्याच्या हातात एकरकमी पैसे नाहीत त्याचं काय?

माझ्या मते या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. वर्षभराचा ३६५ किलो तांदूळ हंगामात ४४ रुपये किलोने घेतला तर १६,०६० रुपये लागतात. तोच वर्षभर ५० रुपयांनी सुटा घेतला तर १८,२५० रुपये. बचत २,१९० रुपये. पगारदार माणसासाठी हा उत्तम व्यवहार आहे, बचत खात्याच्या व्याजापेक्षा कितीतरी चांगला.

आता हेच पैसे कोणी शेकडा दोन रुपये महिना दराने उसने घेतले आणि बारा समान हप्त्यांत मुद्दल फेडलं, तर व्याज सुमारे २,०८८ रुपये होतं. वर्षाअखेर हातात राहतात फक्त १०२ रुपये. त्यात दोन-अडीच किलो तांदूळ खराब झाला तर तेही गेले. म्हणजे कर्ज काढून बेगमी करण्यात अर्थ नाही.

बिडी वळणारी बाई किंवा रोजंदारीवर जाणारा माणूस किलोभर तांदूळ आणि पाव लिटर तेल आणतो, तेव्हा त्याला हिशेब कळत नाही असं आपण म्हणतो. ते चूक आहे. त्याला हिशेब कळतो, त्याच्याकडे भांडवल नसतं. शिवाय ओळखीचा किराणावाला महिनाभर बिनव्याजी खातं ठेवतो. रोखीने मोठा कट्टा घेतला की ही सोय हातची जाते. तिचीही किंमत धरायला हवी. रेशन कार्डावर धान्य मिळणाऱ्या कुटुंबांना तर तांदळाचा साठा करण्याचं कारणच कमी. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळतं. त्यांनी हाती असलेले थोडे पैसे तेल, डाळ आणि साखरेत घालावेत.

मग मोठ्या मापाचा फायदा कमी पैशांत मिळवायचा कसा? वाटून घेऊन. तीन शेजाऱ्यांनी मिळून ३० किलोचा कट्टा घेतला, तर प्रत्येकाला १,४१० ऐवजी ४७० रुपये द्यावे लागतात. दर ४७ च राहतो, जीएसटी नाही आणि माल दहा दिवसांत संपतो, म्हणजे सोंड्यांची भीती नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी महिला बचत गट आहेत. पैसे गोळा करण्याची आणि वहीत नोंद ठेवण्याची त्यांना सवय आहे. कर्जवाटपाइतकंच महत्त्व त्यांनी सामूहिक किराण्याला दिलं, तर फायदा दर महिन्याला दिसेल.

खरेदीआधी हे चार प्रश्न विचारा

- एका किलोचा दर किती? पाकिटाचा नाही, किलोचा.
- हे खराब होण्याआधी संपेल का?
- यासाठी पैसे उसने घ्यावे लागणार आहेत का?
- हाच माल सुटा किंवा वाटून घेतला तर कितीला पडेल?

सुटा माल घेताना काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का आहे का, हेही बघा. वजनात किंवा छापील दरात गडबड वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

सरकारकडेही एक मागणी करायला हवी. सगळ्या पाकिटांवर, मग ते ५० ग्रॅमचं असो की १० किलोचं, दर किलोमध्येच छापा आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापा. यासाठी नवी योजना नको की अनुदान नको, नियमातली एक ओळ बदलली तरी पुरे. आणि ३० किलोचा कट्टा उचलू शकणाऱ्याला करमाफी, तर पाच किलोचं पाकीट घेणाऱ्याला ५ टक्के कर, हे उलटं गणितही एकदा तपासून बघावं. ज्याची ऐपत मोठ्या मापाची आहे, त्याला दर आधीच कमी लागतो. करातही सूट त्यालाच का?