‘पोर्टेबल’ आहे, पण कुणासाठी?

लॅपटॉपच्या किमती पाहून डोळे पांढरे झाले की कट्ट्यावर हमखास मिनी पीसीचा विषय निघतो. हातात मावेल एवढा डबा, अभ्यासाला आणि साध्या एडिटिंगला पुरेसा, शिवाय रॅम आणि एसएसडी बऱ्याचदा नंतर वाढवता येणारी. मग कुणीतरी म्हणतं, ‘त्याच्यावर एक पोर्टेबल मॉनिटर घे ना, झाला की लॅपटॉप!’ ऐकायला एकदम भारी.

पण होतं काय, डब्यासाठी आपण आठवडाभर व्हिडिओ बघतो, प्रोसेसरची नावं तोंडपाठ करतो. स्क्रीन मात्र फोटो आणि डिस्काउंट बघून मागवतो. हे उलटं व्हायला हवं. डबा टेबलाखाली ठेवला तरी काम करतो, डोळे मात्र दिवसभर स्क्रीनवरच असतात. आणि आपल्यापैकी बहुतेकांना घरून हे पैसे एकदाच मिळतात. म्हणून माझं सरळ मत आहे: ‘पोर्टेबल’ या शब्दाला भुलू नका. आधी आपला मुक्काम, आपला पोर्ट आणि आपलं टेबल बघा.

सुरुवात मुक्कामापासून करू. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीकडे टेबल नसतं, ११ महिन्यांचा करार संपला की खोली बदलते. तिच्यासाठी पोर्टेबल स्क्रीन अगदी योग्य. शूटच्या जागी फुटेज तपासणाऱ्यालाही ती हवीच. पण ज्याच्या खोलीत टेबल आहे आणि जो फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जातो, त्याचं काय? त्याने मिनी पीसी सॅकमध्ये टाकावा आणि घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडावा. मिनी पीसी स्वतःच पोर्टेबल असतो, मग स्क्रीन कशाला उचलायची? अशांनी खोलीसाठी साधा २४ इंची मॉनिटर घ्यावा. पोर्टेबलच्या पैशांत तो बऱ्याचदा आरामात बसतो.

दुसरा गैरसमज बॅटरीचा. बहुतेक पोर्टेबल मॉनिटरमध्ये बॅटरी नसते आणि मिनी पीसीमध्येही नसते. वीज गेली की लॅपटॉपवाला टाइप करत राहतो, आपण अंधारात बसतो. पॉवर बँकेवर स्क्रीन चालेलही, पण बऱ्याच मिनी पीसींना १९ व्होल्टचा गोल पिनचा ॲडाप्टर लागतो, तो साध्या पॉवर बँकेवर चालत नाही. ही जोडी उचलून नेता येते, बसमध्ये मांडीवर घेऊन वापरता येत नाही. तुमच्या भागात वीज सारखी जात असेल, तर छोट्या यूपीएसचे पैसे आधीच बाजूला काढा. कीबोर्ड, माउस आणि ऑनलाइन मुलाखतीसाठी कॅमेरा-माइक यांचेही. ही बेरीज केल्यावर लॅपटॉपच स्वस्त पडत असेल, तर खुशाल लॅपटॉप घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पोर्टेबलच हवा असं ठरलं, की रिझोल्यूशन बघण्याआधी आपल्या डब्याची पाठ बघा. खरी गोम तिथे आहे. यूएसबी-सी हा फक्त भोकाचा आकार आहे, त्यातून चित्र बाहेर येईलच अशी हमी नाही. ॲपलचा ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला एम४ मॅक मिनी घ्या. जेमतेम १२.७ सेंटिमीटर लांब-रुंद. पुढे दोन यूएसबी-सी, मागे तीन थंडरबोल्ट, पाचही पोर्ट दिसायला सारखेच. पण मॉनिटर चालतो तो मागच्या तिन्हींवर, नाहीतर एचडीएमआयवर. पुढच्या दोन पोर्टना कितीही चांगला मॉनिटर लावा, स्क्रीन काळीच. इंटेल एन१०० प्रोसेसरच्या स्वस्त मिनी पीसींमध्येही एखादा यूएसबी-सी पोर्ट फक्त वीज घेण्यापुरता असू शकतो. स्पेसिफिकेशनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’, ‘थंडरबोल्ट’ किंवा ‘यूएसबी ४’ असं काही लिहिलेलं आहे का, ते शोधा. नुसतं ‘यूएसबी-सी’ लिहिलं असेल, तर एचडीएमआयच वापरायचं आहे असं धरून चाला.

एचडीएमआय वापरायचं तर मॉनिटरलाही एचडीएमआय इनपुट हवा. कित्येक पोर्टेबल मॉनिटरवर तो ‘मिनी’ आकाराचा असतो, म्हणजे घरातली नेहमीची केबल बसत नाही. खोक्यात केबल आहे का, विचारून घ्या. यातली आणखी एक फसगत: बाजारात मिळणाऱ्या बहुतेक यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालतात, यूएसबी-सीकडून एचडीएमआयकडे. तुमच्या डब्याला फक्त एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त यूएसबी-सी असेल, तर ही केबल उलटी लावून काही उपयोग नाही.

मग प्रश्न विजेचा. जाहिरातीत एकच केबल दाखवतात, चित्रही तिच्यातून आणि वीजही तिच्यातून. ते फक्त योग्य यूएसबी-सी असेल तेव्हा. एचडीएमआय लावलं की स्क्रीनला वेगळी वीज द्यावी लागते. रास्पबेरी पायने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचा १५.६ इंची फुल एचडी मॉनिटर १०० डॉलरला आणला. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती मला आवडली: हा मॉनिटर थेट पायच्या यूएसबीवरून चालवला तर ब्राइटनेस जास्तीत जास्त ६० टक्के आणि आवाज ५० टक्के मिळतो, पूर्ण हवं असेल तर वेगळा चार्जर लावा. सगळ्या कंपन्या इतकं उघड सांगत नाहीत. म्हणून दुकानात मॉनिटर बघताना विचारा, ‘हा उजेड चार्जरवरचा आहे की पीसीच्या केबलवरचा?’

आता आकार. १५.६ इंच ऐकायला मोठं वाटतं, पण पट्टी लावली तर स्क्रीनची उंची साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आतच भरते. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे असाइनमेंटचं अख्खं पान खऱ्या आकारात दिसणारच नाही. २४ इंची मॉनिटरची उंची जवळपास ३० सेंटिमीटर, कागद त्यात जेमतेम मावतो. ज्यांचं काम वाचण्या-लिहिण्याचं आहे त्यांना हा फरक रोज जाणवेल. पोर्टेबलमध्येच राहायचं असेल तर १६:१० प्रमाणाची १६ इंची स्क्रीन बघा, उंचीत दोन सेंटिमीटर जास्त मिळतात.

एवढ्याशा स्क्रीनवर फोर-के घेतलं म्हणजे जागा वाढते असंही नाही. अक्षरं इतकी बारीक होतात की विंडोजमध्ये ती दोनशे टक्के किंवा त्याहून मोठी करावी लागतात. मग जागा जवळपास फुल एचडीएवढीच, फक्त अक्षरांच्या कडा जास्त रेखीव. मराठीत काम करणाऱ्यांसाठी माझी एक साधी परीक्षा आहे. दुकानात १२ पॉइंटमध्ये ‘सर्वांत’, ‘उद्ध्वस्त’ आणि ‘कर्मचाऱ्यांना’ हे शब्द टाइप करा आणि हातभर लांब बसा. ‘सर्वांत’मधला रफार आणि अनुस्वार वेगळे दिसले, तर स्क्रीन पास. दिसले नाहीत, तर अक्षरं मोठी करून पुन्हा बघा आणि उरलेल्या जागेत आपलं काम भागेल का, ते ठरवा.

ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात. स्वस्त पोर्टेबल मॉनिटर बरेचदा २५० निट्सच्या आसपास असतात. ट्यूबलाइटखाली ठीक, पण उन्हाळ्यात खिडकीशेजारी बसलात तर स्क्रीनमध्ये स्वतःचाच चेहरा दिसेल. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी रंगांचा आकडाही वाचावा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. त्या स्क्रीनवर बघून तुम्ही रंग गडद करणार आणि पाहणाऱ्याच्या फोनवर सगळ्यांचे चेहरे लालबुंद होणार. अशा कामाला ‘१०० टक्के एसआरजीबी’च्या जवळचं काहीतरी हवं.

शेवटी टेबल. घडी घालायचं कव्हर हाच स्टँड असेल तर तो घसरतो का, बघा. शिवाय स्क्रीन टेबलाला चिकटून बसते आणि मान खाली जाते. खाली चार जाड दिवाळी अंक ठेवले तरी मानेला आराम मिळतो. पण मागे ७५ बाय ७५ मिलिमीटरची चार भोकं असतील तर उत्तमच, पुढेमागे साधा हात-स्टँड लावता येतो. आणि काच फुटली तर दुरुस्ती कोण करणार, सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. अनोळखी ब्रँड असेल तर बीआयएसचा नोंदणी क्रमांकही बघा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड असो नाहीतर तुमच्या तालुक्याचं कॉम्प्युटरचं दुकान, शक्य असेल तर मिनी पीसी सोबत घेऊन जा आणि जोडून बघा. दुकानदार कुरकुरेल, तरी हट्ट सोडू नका. ऑनलाइन मागवणार असाल, तर डब्याच्या पाठीचा फोटो शेजारी ठेवून मॉनिटरचं स्पेसिफिकेशन ओळीने वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. घरच्यांनी पै-पै साठवून दिलेल्या पैशांसाठी तेवढा वेळ तर आपण काढूच शकतो.