चिकन कुणी केलं?

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट आहे. धुळ्याला आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा आणि मामी. दस्तरखानावर जिरा राईस होता, दालचा होता, काकडीचा रायता होता आणि मधोमध मोठ्या ताटात भाजलेलं चिकन होतं. गूळ-चिंचेचा लेप लावून ओव्हनमध्ये केलेलं, वरून चकाकणारं. मामींनी एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला आणि विचारलं, "हे चिकन कुणी केलं?"

अम्मी क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "छोटीनेच केलंय."

चिकन मी केलं होतं. आदल्या रात्री मसाला लावण्यापासून ताट बाहेर काढेपर्यंत सगळं मी केलं होतं. छोटी त्या दिवशी सकाळपासून एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलची वही पूर्ण करत बसली होती. अम्मीचं वाक्य ऐकून मी मान खाली घातली आणि भात कालवत राहिलो. मामा म्हणाले, "माशाअल्लाह, मुलीच्या हाताला चव आहे."

पाहुणे गेल्यावर छोटी भांडी विसळत होती. मी भांडी पुसायला उभा राहिलो. ती म्हणाली, "भाई, तू खोटं बोलला नाहीस, ते खरं. पण गप्प बसलास." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "उद्या तिथे गेल्यावर हेच चिकन मागतील. मला तर ओव्हन कसा लावतात तेही माहीत नाही." (घरात आम्ही खानदेशी वळणाची उर्दू बोलतो, इथे मराठीत लिहितोय.)

आम्ही दोघंही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून हा लेख.

मी जळगावात नोकरी करतो. पहिली दोन वर्षं मेसचा डबा खाल्ला, मग खोलीवरच करू लागलो. सुरुवात अंड्यांपासून झाली, नंतर खिचडी, नंतर चिकन. एका मित्राचं लग्न ठरलं, त्याला घर बदलायचं होतं, तेव्हा त्याच्याकडचा जुना ओटीजी मी विकत घेतला. वर्षभराने नवा मोठा घेतला आणि जुना धुळ्याला न्यायचं ठरवलं. एरंडोल, पारोळा करत एसटी नव्वदेक किलोमीटर जाते. तेवढा वेळ ती पेटी मांडीवर धरून बसलो होतो. अम्मीने पाहिलं आणि विचारलं, "यात काय होतं?" मी म्हणालो, "यात तुला उभं राहावं लागत नाही."

मुद्दा हाच आहे. चुलीवरचा किंवा गॅसवरचा स्वयंपाक माणसाला समोर उभं करतो. कबाब तळायचे तर शेवटचा कबाब निघेपर्यंत कुणीतरी कढईजवळ लागतं. रोट्या गरम वाढायच्या तर बाकीचे जेवतात आणि एकजण तव्यापाशी राहतं. ते 'कुणीतरी' आणि तो 'एकजण' म्हणजे कोण, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि धुळ्यातही काही वेगळं नसतं. आमचं स्वयंपाकघर पत्र्याखाली आहे. त्या उन्हात अम्मीने आयुष्यभर आम्हाला गरम वाढलं आणि स्वतः गार खाल्लं. दावत असेल तर ती दस्तरखानावर बसलेली मला आठवतच नाही.

ओव्हनमध्ये तसं होत नाही. ट्रे आत गेला की पाऊण तास हात मोकळे. म्हणून कृती सविस्तर सांगतो. ज्यांनी आजवर गॅस पेटवला नाही, त्यांनाही जमेल.

एक किलो चिकनचे लेगपीस घ्या, खोल चिरा द्या. दीड चमचा मीठ, मोठा चमचाभर आलं-लसूण, दोन चमचे तिखट, थोडी हळद, मोठा चमचाभर आपला खानदेशी काळा मसाला आणि दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल एकत्र करून चिरांच्या आतपर्यंत चोळा. निदान तासभर ठेवा, रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं तर उत्तम. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून अर्धी वाटी कोळ काढा, त्यात चार मोठे चमचे चिरलेला गूळ घालून पाच मिनिटं उकळा. चमच्याला चिकटेल इतकं दाट झालं की उतरवा.

ट्रेमध्ये खाली दोन कांद्यांच्या जाड चकत्या आणि दोन कच्च्या केळ्यांचे मोठे तुकडे पसरा. केळी सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर चीक चिकटतो. जळगावात राहून केळं फक्त शिकरणात आणि वेफरमध्येच घालायचं असं कुठे लिहिलंय? चिकनचा सगळा रस उतरून ही केळी बटाट्यापेक्षा छान लागतात. वर चिकन मांडा. ओव्हन दोनशे अंशांवर दहा मिनिटं आधी तापवून घ्या आणि ट्रे आत ठेवा.

आता एक काळजी. गूळ सुरुवातीला लावू नका, तो जळतो आणि सगळं कडू होतं. माझं पहिलं चिकन असंच गेलं. अर्धा तास चिकन तसंच भाजू द्या. मग तुकडे उलटून अर्धा लेप लावा, सात-आठ मिनिटांनी उरलेला लावा आणि पुन्हा सात-आठ मिनिटं ठेवा. हाडाजवळ सुरी खुपसली की निघणारा रस स्वच्छ दिसला पाहिजे, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश व्हायला हवं. बाहेर काढून पाच-दहा मिनिटं थांबा, मग वाढा.

"चिकनमध्ये गूळ?" असं तोंड अब्बांनीही केलं होतं. पण आपण खानदेशी लोक गोड आणि तिखट एका ताटात खात नाही असं थोडंच आहे! आखाजीला शेजारच्या घरून खापरावरची पुरणपोळी येते, तिच्यासोबत आमरस असतो, तळलेली कुरडई असते आणि झणझणीत रशीही असते. आणि भाजणं तर आपल्या रक्तातच आहे. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजली जातात, ते दुसरं काय असतं?

त्या भरीत पार्टीचंच बघा. शेतात वांगी कोण भाजतं? पुरुष. वांगी सोलतात पुरुष, मिरच्या-लसूण कुटतात पुरुष, फोडणी देतात पुरुष. लग्नाच्या दावतीत देगेपाशी बावर्ची उभा असतो, तो पुरुष. कबाबच्या गाडीवर पुरुष, बेकरीच्या भट्टीवर पुरुष. लहानपणी ईदच्या आधी नानकटाईच्या पिठाचे ट्रे डोक्यावर घेऊन आम्ही मुलं गल्लीतल्या बेकरीत जायचो. पीठ मळलेलं असायचं अम्मीने, भाजून द्यायचे बेकरीतले चाचा. म्हणजे स्वयंपाक हे पुरुषाचं काम नाही, असं आपण खरं तर मानतच नाही. ज्या स्वयंपाकाला मजुरी मिळते किंवा चारचौघांत वाहवा मिळते, तो पुरुष करतात. जो रोज दोन वेळा करावा लागतो आणि ज्याचं कुणी नावही घेत नाही, तो बायकांचा.

हे फक्त माझ्या मोहल्ल्याचं किंवा फक्त मुसलमानांचं चित्र नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकामात दिवसाकाठी भाग घेणाऱ्या स्त्रिया होत्या ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. ज्यांनी हे काम केलं, त्यांत स्त्रियांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं गेले, पुरुषांचे ९७. पाच तास आणि दीड तास, आणि तो दीड तासही चौघांतल्या एकाच पुरुषाचा.

या पाच तासांत काय काय बसू शकतं? छोटीची वही बसते. अम्मीची दुपारची झोप बसते. घरकाम आहे म्हणून शाळा सोडलेल्या मुलीचं दहावीचं वर्ष बसतं. मुलींच्या शिक्षणावर आपण सभा घेतो, भाषणं करतो, आणि घरी आल्यावर परीक्षेच्या आदल्या दिवशी तिलाच हाक मारतो, "पाहुणे आलेत, चहा ठेव." तेव्हा आपण नेमकं काय करतो, याचा विचार मुलग्यांनी करायला हवा.

यावर घरातून तीन उत्तरं येतात. तिन्ही मी ऐकली आहेत.

पहिलं उत्तर धर्माचं. वडीलधारे म्हणतात, पुरुषाने कमवावं, बाईने घर सांभाळावं. त्यांना मी अदबीने एवढंच विचारतो, की पैगंबर घरात असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, हे हजरत आयेशा यांनी सांगितलेलं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे ना? ते आपण ऐकतो, सुभानअल्लाह म्हणतो आणि पाण्याचा ग्लास मागतो.

दुसरं उत्तर अम्मीचंच. "मला आवडतं रे. तू कशाला करतोस?" तिला स्वयंपाक आवडतो हे खरं आहे. पण आवडणं आणि सुटका नसणं यांत फरक आहे. मला क्रिकेट आवडतं. रोज दोन वेळा, तापात आणि रोजातही खेळावंच लागेल असं कुणी सांगितलं, तर किती दिवस आवडेल?

तिसरं उत्तर खर्चाचं. ओव्हन सगळ्यांना परवडत नाही, बरोबर आहे. माझा ओटीजी दीड हजार वॅटचा आहे, तासाभराला फार तर दीड युनिट वीज लागते. तेही नको असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं चिकन होऊ द्या आणि शेवटी झाकण काढून गुळाचा लेप आटवा. चव थोडी वेगळी येईल, पण हात तितकेच मोकळे राहतील.

यंत्रावर मात्र फार भरवसा ठेवू नका. कुकर आला, मिक्सर आला, गॅस आला. काम हलकं झालं, पण करणारी तीच राहिली. आमच्या घरीही ओव्हन आला आणि पहिल्या महिन्यात अम्मीच तो पुसत होती. नव्या यंत्राने कामाचा वेळ वाचतो. तो वेळ कुणाचा, हे माणसांनाच ठरवावं लागतं.

हे ठरवून दाखवणारी एक मुसलमान बाई आपल्याकडे होऊन गेली. बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा लिहिली. तिच्यातल्या देशात बायका राज्य चालवतात, पुरुष मर्दान्यात राहून घरकाम सांभाळतात आणि स्वयंपाकघरात धूर नसतो, कारण अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. धुळ्याच्या साक्री तालुक्यात आज उन्हापासून वीज बनते. रुकय्याबेगमच्या कल्पनेचा सूर्याचा भाग सव्वाशे वर्षांच्या आत खरा झाला. मर्दान्याचा भाग अजून बाकी आहे. मला पुरुषांना कोंडायचं नाही, फक्त आपली पाळी यावी एवढंच म्हणणं आहे.

पाहुण्यांची दुसरी भेट जानेवारीत झाली. या वेळी अब्बांच्या समोरच मी सांगितलं, "मामी, मागचं चिकन मी केलं होतं. छोटीला अजून येत नाही." अम्मीने माझ्याकडे असं पाहिलं, की तिथून उठून जावंसं वाटलं. मामी गप्प झाल्या. मुलाची आई हसली आणि आपल्या मुलाला म्हणाली, "तुला काय येतं?" तो म्हणाला, "मॅगी." छोटी पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलली, "मग शिका. भाई शिकवेल."

रिश्ता जुळला की नाही, ते इथे सांगत नाही. तो त्या दोघांचा प्रश्न आहे. माझं म्हणणं माझ्या वयाच्या मुलग्यांशी आहे. बहिणीला किंवा होणाऱ्या बायकोला 'स्वयंपाक येतो का' असा प्रश्न तुमच्यासमोर विचारला गेला, तर गप्प बसू नका. आधी स्वतःचं उत्तर द्या. ते उत्तर 'नाही' असेल, तर या सुटीच्या दिवशी एक किलो चिकन आणा. ट्रे आत ठेवल्यावर पाऊण तास मिळतो. त्यात मसाल्याची भांडी घासून ठेवा, दस्तरखान घाला, आणि अम्मीला सगळ्यांच्या आधी बसवा.

आमच्याकडे ती पहिल्यांदा बसली, तेव्हा दोनदा उठली. एकदा मीठ आणायला, एकदा पाणी आणायला. तिसऱ्यांदा उठू लागली, तेव्हा अब्बाच म्हणाले, "बस. मी आणतो."