बोरीच्या कवीचा दाखला

जुन्या ग्रंथांत एखाद्या पुस्तकाचें नांव येतें, पण पुस्तक हातीं लागत नाहीं. तेव्हां 'अनुपलब्ध' असा शेरा मारून आमचे अभ्यासक मोकळे होतात. न्यायालयांत असें चालत नाहीं. कागदांत साक्षीदाराचें नांव आलें कीं त्याचा पत्ता शोधावा लागतो. तो मयत असेल तर तसा पुरावा द्यावा लागतो. ग्रंथांस हाच न्याय कां नसावा?

परभणी जिल्ह्यांतील बोरीकरांस तरी हें निराळें सांगावयास नको. 'शिशुपालवध' व 'उद्धवगीता' रचणारा महानुभाव कवि भास्करभट्ट बोरीकर येथलाच मानला जातो. महानुभावांच्या साती ग्रंथांत हीं दोन्हीं काव्यें गणलीं जातात. तरीही कित्येक शतकें पंथाबाहेरील महाराष्ट्रास त्यांची ओळख नव्हती. तीं नष्ट झालीं होतीं काय? मुळींच नाहीं. मठांच्या बासनांत, सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत, तीं सुखरूप होतीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजवाडे, भावे प्रभृतींनीं लिपीचें कुलूप काढलें. १९३५ सालीं वि. भि. कोलते यांनीं भास्करभट्टावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

यांतून शोधाची रीत कळते. ग्रंथाचा उल्लेख कोणी केला, त्याचा गुरु कोण, त्या परंपरेचा मठ कोठें, हें आधीं पाहावें. ग्रंथाचीं सर्व नांवेंही जमवावीं. 'उद्धवगीता' हीच 'एकादशस्कंध' म्हणूनही ओळखली जाते. एकच नांव घेऊन फिरणारा पोथीच्या दारांतून रिकाम्या हातीं परत येईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ च्या अर्थसंकल्पांत केंद्र सरकारनें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठीं 'ज्ञानभारतम्' योजना जाहीर केली. परंतु घरधन्यानें फडताळच उघडलें नाहीं, तर सरकार मोजणार काय? वाडवडिलांची पोथी नदींत सोडणें किंवा रद्दींत घालणें म्हणजे जिवंत साक्षीदारास आपल्या हातानें मारणें होय.

आमची मागणी मोठी नाहीं. पोथी कोणास देऊं नका. फक्त तिची नोंद करा. ग्रंथाचें नांव, नकलेचा शक, लेखकाचें नांव व गांव, एवढें टिपून पहिल्या व शेवटच्या पानाचें छायाचित्र घ्या आणि जवळच्या ग्रंथालयास कळवा. पै-पैची रोजकीर्द राखणाऱ्या व्यापारी बांधवांस ही एक नोंद जड कां व्हावी? न जाणो, ज्या ग्रंथास विद्वान् मृत समजतात, तो तुमच्याच माळ्यावर असेल.